आजोबांची दुनळी आणि कुंदाचा बत्ता

१८ सप्टेंबर, सकाळी ९
दसऱ्याला चौदा दिवस. पूजेसाठी आजोबांची दुनळी बंदूक कपाटावरून काढली. विधानसभेच्या निवडणुकीत नियमाप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा होती. परत आणली तेव्हापासून चादरीतच. आज चादर सोडली तर उजव्या नळीच्या तोंडाला हा एवढा पोचा. किळस आली. विश्वासाने वस्तू द्यावी आणि या लोकांनी तिच्यावर पेट्या आपटाव्यात. माझ्या हातून या बंदुकीला आजवर ओरखडा नाही.
पत्र्यावर माकडं. मागे एकदा मी हिसका दाखवला होता, तेव्हा दोन महिने फिरकली नव्हती.
संकल्प: दसऱ्याच्या आत नळी गोल. शिवाय रोज पहाटे फिरायला जाणे.

१८ सप्टेंबर, संध्याकाळी
तीन पानी तक्रार पोस्टात टाकली. बंदूक जमा करतानाच्या नोंदीची नक्कलही मागितली. कागद खोटं बोलत नाही. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली आहेत, असं ड्राफ्टिंग आता कोणाला येत नाही.

१९ सप्टेंबर
फिरायला गेलो नाही. पाय दुखतो.
पुण्याहून श्रेयसचा फोन. म्हणे, बाबा, सरेंडर करून टाका, शेवटचा बार पणजोबांनीच काढला होता. पोटचा पोरगा हे बोलतो. आम्हाला गावात बंदूकवाले म्हणतात. सरेंडर केल्यावर काय म्हणतील, पेन्शनवाले?
आणि लेक प्राचीचे सासरे, मारेगावचे वामनराव, लग्नानंतर पहिल्यांदाच दसऱ्याला येताहेत. लग्नात मी त्यांना सांगून बसलो आहे की दुनळी विलायती आहे, आरशासारखी. आता आरसाच दाखवावा लागणार.

२० सप्टेंबर
वणीला गेलो. कोळशाच्या ट्रकांचं डेंटिंग करणारा धर्मपाल. मोबाइलवर फोटो दाखवला. त्याने बोटाने मोठा केला, लहान केला आणि मोबाइल परत दिला. म्हणाला, "काका, ट्रक आणा, बस आणा. बंदुकीले हात लावला तं पोलीस मले नेतीन." लायसन्सवाल्या कारागिराकडेच न्या म्हणे, नागपूरला. आतून मापाचा डट्टा, म्हणजे भरीव दांडा, घालून, बाहेरून हळूहळू ठोकत गोल करतात, एवढं मात्र सांगून गेला.
म्हणजे एवढंच. यासाठी नागपूर कशाला? भित्री जमात सगळी. बसमध्ये कोळशाची धूळ खाल्ली ती वेगळी.

२१ सप्टेंबर
अमावास्या. आज हत्याराला हात लावत नाहीत.

२४ सप्टेंबर, दुपारी ३
मापाचा डट्टा घरातच सापडला. सौ. कुंदाच्या खलबत्त्याचा पितळी बत्ता. निमुळतं टोक नळीत अगदी मापात. जणू विलायतेहून एकाच पेटीत आले असावेत. कुंदा झोपली आहे. वरून चार ठोके.

२४ सप्टेंबर, ३.४०
बत्ता आत गेला. ठरल्याप्रमाणे.

२४ सप्टेंबर, ५
बाहेर येत नाही. पितळ हल्ली चांगलं मिळत नाही.

२७ सप्टेंबर
तेल झालं, साबण झाला, शेजारच्या अमरने एका टोकाने आणि मी दुसऱ्या टोकाने ओढून झालं. अमर हसत होता. डबल ग्रॅज्युएट आहे म्हणे.
घरात तीन दिवस चहात आलं नाही. कुंदाला म्हटलं, मिक्सरमध्ये घाल. ती म्हणाली, "बत्ता माझ्या आईचा आहे." आजोबांच्या वस्तूसाठी एवढंही सोसवत नाही या घरात कोणाला.

२ ऑक्टोबर, दसरा
बंदुकीच्या तोंडाला झेंडूचा जाड हार घातला. उत्तम दिसत होती. गल्लीतले लोक सोनं देऊन गेले, कोणाला कळलं नाही. मग वामनराव हळदकुंकू वाहायला वाकले आणि हार सरकला. नळीतून डोकावणारा बत्ता त्यांनी बोटाने हलवून पाहिला. मी म्हटलं, विलायती सेफ्टी आहे. ते म्हणाले, "इवाईबुवा, आम्ही वावरात डुकरायसाठी सुतळी बॉम्ब फोडतो. तुमचं काम लय शांत हाय."
प्राची आत निघून गेली. तिच्या तोंडाकडे बघवलं नाही. हार नीट बांधला असता तर हे झालं नसतं. बांधला मीच होता, पण फुलं ओली होती.

१७ ऑक्टोबर
ठाण्याकडून नक्कल आली. मागच्या वर्षीची नोंद: "दुनळी बंदूक एक. उजव्या नळीच्या तोंडाला पोचा. मालकाच्या सांगण्यावरून, माकडे हाकलण्यासाठी लोखंडी फाटकावर आपटल्याने." खाली सही माझी. ठसठशीत.
तो हिसका. काडतूस नव्हतं, आवाज तर हवा होता. तिसऱ्या आपटीला कुंदा दारात येऊन उभी होती, हेही आठवलं. तिला विचारलं, महिनाभर बोलली का नाहीस? ती म्हणाली, "तुम्ही तक्रार किती आनंदानं लिहून राहिले होते."
आज दुसरं काही लिहीत नाही. स्वतःचीच शिसारी आली.

७ नोव्हेंबर
नगरपरिषदेची निवडणूक. बंदूक पुन्हा जमा. कुंदाही सोबत आली. हवालदाराने नळीत डोकावून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं: "दुनळी बंदूक एक. उजव्या नळीत पितळी बत्ता एक, अडकलेला." कुंदा म्हणाली, "बत्त्याची पावती वेगळी द्या." त्याने दिली. तिच्या नावावर.
माझ्या पावतीवर या वेळी वाचून सही केली.
घरी आलो तर पत्र्यावर माकडं. तेलाचा रिकामा डबा फाटकावर दोनदा आपटला. सगळी गेली.
डब्याला पोचा आला. माझ्याच हातून आला. लिहून ठेवतो.