एका सुताचा फरक

३ मार्च, सोमवार

छत पडलं!

दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातलं. बाहेरच्या हॉलचं. दाजींनी आणि मी पाच आठवड्यांपूर्वी केलेलं. दुपारी एकला पडलं, पेशंट जेवायच्या वेळी येत नाहीत म्हणून वाचले. काउंटरवरच्या बाई नाही वाचल्या. छताच्या जिप्सम बोर्डाची कड उजव्या हातावर बसली, मनगट मोडलं.

आम्ही पोचलो तेव्हा त्या खुर्चीवर पांढऱ्याफटक बसल्या होत्या, केसांत, पापण्यांवर सगळी जिप्समची धूळ. दाजींनी वर पाहिलंच नाही. बाईंना धरून डॉक्टरांच्या गाडीत बसवलं आणि स्वतःही चढले. जाताना मला म्हणाले, "तू इथलं बघ."

बघितलं. बघायला नको होतं.

४ मार्च, मंगळवार

काल हात चालत नव्हता. आज सगळं लिहून काढतो. निदान इथे तरी खोटं नको.

हॉलची अर्धी बाजू दाजींची, अर्धी माझी. दाजींनी पहिल्या दिवशी त्यांच्या मापाने केली, सोळा-सोळा इंचांवर पत्र्याचे चॅनेल, त्यावर आडवं बोर्ड. दुसऱ्या दिवशी ते भाचीच्या शाळेत पालकसभेला गेले. मी दोन मजूर घेऊन उरलेली बाजू केली. दोन-दोन फुटांवर. तिकडे परदेशात नऊ वर्षं मी छताला दोन फूटच ठेवले. दाजी मधे विनाकारण चॅनेल घालतात, असं मला वाटायचं. त्यांना विचारलंही नाही. चार वाजता बोर्ड लावून, सांधे भरून, हात धुऊन बसलो होतो. दाजी आले, वर बघितलं आणि म्हणाले, "वा, परदेशी पाहुणे! आज तर विमानच सोडलंत!" मी फुगलो. चॅनेल आत झाकले गेले होते, त्यांना दिसणार काय?

पडली ती माझी बाजू. सबंध. दाजींच्या बाजूला केसाएवढी भेगसुद्धा नाही.

काल ते हॉस्पिटलात गेल्यावर मी पडलेला एक तुकडा उचलला आणि टेप लावली. चार सूत. अर्धा इंच. टेप हातात तशीच राहिली. तिकडे छताचं बोर्ड पाच सूत असायचं. ढीगच पाच सुताचा यायचा, मुकादम बोट दाखवायचा, आम्ही लावायचो. कोणी कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही की दोन फूट का चालतात. जाड बोर्ड आहे म्हणून चालतात! इथलं एका सुताने पातळ. त्यात डॉक्टरांना वरच्या नाचाच्या क्लासचा आवाज नको होता म्हणून वर ग्लासवूल भरलेलं. पातळ बोर्ड, वर ओझं, मधे आधार नाही, आणि रोज संध्याकाळी वर वीस जणींचे पाय. बोर्ड पोटातून खाली आलं असणार आणि स्क्रूच्या टोप्या बोर्डावरचा कागद फाडून निघाल्या असणार. तुकड्यांवर तशीच भोकं आहेत.

आता पुढचं. हे लिहायची लाज वाटते.

मी माझे लोंबणारे चॅनेल काढले, वाकवले, टेम्पोत टाकले. मग दाजींची बाजूही उतरवली. "राहिलेलंही धोक्याचं आहे," असं डॉक्टरांना फोनवर सांगून. उतरता उतरेना ती! पहारीने उचकटावी लागली. दीड तास लागला. संध्याकाळी दाजी परतले तेव्हा वर नुसता उघडा स्लॅब होता.

त्यांनी विचारलं, "तुझ्याकडचे चॅनेल किती अंतरावर होते रे?"

मी म्हणालो, "तुमच्याच मापाने. सोळा."

५ मार्च, बुधवार

दाजी जेवले नाहीत. मी जेवलो.

७ मार्च, शुक्रवार

परत येऊन पाच महिने झाले. अजून ताईच्याच घरात, माडीवरच्या खोलीत. आणि पाच महिने मी या घरात एकच पाढा म्हणतोय: तिकडे असं नसतं. ताईने परवा भाचीला हसत सांगितलं होतं, "मामाला पाणी दे, पण ग्लास तिकडच्यासारखा धर."

खरं तर तिकडेही 'तिकडे' असं काही एकच नव्हतं. आमच्या टोळीत चार देशांचे लोक. एकजण अशा गावचा की तिथे भिंत विटांचीच, बोर्डाच्या पाठीवर चिकट मसाल्याचे गोळे थापायचे आणि भिंतीवर दाबायचं, स्क्रू नाहीच. दुसऱ्याच्या देशात भिंतीच लाकडी दांड्यांच्या, त्यांना बोर्ड आडवं ठोकायचं आणि सांध्यावर कागदी पट्टी. तिसरा बोर्ड लावून झालं की सगळ्यावर प्लास्टरचा पातळ हात मारायचा. तो नुसत्या सांधे भरणाऱ्यांना आळशी म्हणायचा. चौथा दोन थर लावायचा, एकावर एक, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. जेवणाच्या सुट्टीत रोज भांडण! प्रत्येकाला आपल्या गावची भिंत तेवढी भिंत वाटायची. मी त्यांना हसायचो.

इथे येऊन मी दाजींशी तेच केलं. दाजी गोळे थापत असले की मी बाजूला उभा राहून, "फ्रेम करा दाजी, पोकळ वाजतं हे." ते म्हणायचे, "अरे, भिंत वाजवायला कोण येतंय? तबला आहे का तो?" मजूर खदाखदा हसायचे. मला राग यायचा. छताला तिकडे दोन-दोन फुटांवरच चॅनेल असतात, हेही मी त्यांना चारदा ऐकवलं होतं. तीस वर्षं भिंती करणाऱ्या माणसाला मी शिकवायला निघालो होतो.

आणि प्रत्येकाच्या पद्धतीमागे त्याच्या गावचा माल असतो, त्याची जाडी असते, तिथली हवा असते, हे मला सोमवारी कळलं. चाळिसाव्या वर्षी. बाईंचा हात मोडल्यावर!

९ मार्च, रविवार

काउंटरवरच्या बाईंना भेटून आलो. दाजी म्हणाले चल, नाही म्हणता येईना. तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. बाईंची आई म्हातारी, त्यांना भरवावं लागतं. बाई डाव्या हाताने भरवत होत्या. चमचा दोनदा हनुवटीला लागला. दाजी उठले, बाईंच्या हातातून वाटी घेतली आणि आजींसमोर मांडी घालून बसले. "या हातांनी तुमच्या लेकीचा हात मोडलाय आजी, आता एवढं तरी करू दे," म्हणाले.

आजींना ऐकू येत नाही. त्या हसल्या.

मी खिडकीतून खाली बघत होतो. खालच्या गल्लीत कोणीतरी सायकलचं चाक सरळ करत होता. ते पुरं सरळ होईपर्यंत मी बघत राहिलो.

११ मार्च, मंगळवार

आम्हाला कामं देणाऱ्या कंत्राटदाराने दोघांना बोलावलं. ऑफिसात त्याने सरळ विचारलं, "काम कोणत्या पद्धतीने केलं होतं?"

दाजी माझ्या आधी बोलले. "माझ्या. माप माझं होतं. याने फक्त ऐकलं माझं."

कंत्राटदार माझ्याकडे वळला. मी नुसती मान हलवली. मान! बोललोही नाही.

"आता जुनं बस झालं," कंत्राटदार दाजींना म्हणाला. "यापुढे हा सांगेल तसं. बाहेर शिकून आलाय पोरगा, त्याचा उपयोग करा."

घरी येताना दाजी फाटकाशी थांबून म्हणाले, "मला वाटतं माझा हात गेला रे. स्क्रू जास्त दाबले गेले असतील. हल्ली कळत नाही मला कागद फाटलेला." आणि स्वतःची बोटं उघडझाप करून बघितली. मी म्हणायला हवं होतं की दाजी, तुमची बाजू पहारीनेही निघत नव्हती. म्हणालो, "चष्म्याचा नंबर बदलला असेल."

नालायक आहे मी. दुसरा शब्द नाही.

१२ मार्च, बुधवार

दाजींकडे एक लाकडी पट्टी होती, सोळा-सोळा इंचांवर खाचा पाडलेली. त्यांच्या वडिलांच्या सुतारकामातली. टेप न काढता तिच्यावरून चॅनेल मारायचे. आज ती सरपणाच्या ढिगात दोन तुकडे होऊन पडलेली दिसली. ताईला विचारलं. "त्यांनीच मोडली," म्हणाली. "गुडघ्यावर धरून."

१४ मार्च, शुक्रवार

आज सांगणार होतो. दाजी आंघोळीला गेले. आले तेव्हा माझी हिंमत गेली होती.

१६ मार्च, रविवार

ताई माडीवर आली. मी झोपल्याचं सोंग केलं, ती हसली. लहानपणापासून माझी सोंगं ओळखते ती.

"तुझे दाजी तुझं फार कौतुक करतात हल्ली," पायाशी बसून म्हणाली. "काल म्हणाले, तो एकदाही म्हणाला नाही की मी सांगत होतो तुम्हाला. दुसरा असता तर तोंडावर मारलं असतं."

मी उशी सरळ केली.

"आधी मला भीती होती," ती म्हणाली. "तू आलास, रोज त्यांच्या कामाला नावं ठेवायचास, मला मधल्या मधे सांभाळावं लागायचं. नवऱ्याची बाजू घेऊ की भावाची? आता एक बरं झालं. दोघं एका तोंडाने बोलता."

तिच्या तोंडावर इतकं समाधान होतं! सांगितलं तर तेही जाणार. त्यांचा माझ्यावरचा विश्वास जाणार, तिचा जाणार, कंत्राटदार दारात उभं करणार नाही, ही खोली जाणार. हे सगळं मी रोज मोजतो. पण मोजताना पहिलं नाव माझंच येतं, हेही मला दिसतं.

ती गेल्यावर भिंतीकडे तोंड करून रडलो. बऱ्याच वर्षांनी.

१८ मार्च, मंगळवार

दाजी मला 'उस्ताद' म्हणतात. चेष्टेने म्हणाले असते तर बरं वाटलं असतं. आज बँकेच्या कामावर मजुरांसमोर विचारलं, "उस्ताद, हे बोर्ड उभं लावू की आडवं?" खरंच विचारत होते. हातात स्क्रूगन धरून, शाळेतल्या मुलासारखे उभे. मी म्हणालो, "तुम्हाला वाटेल तसं लावा हो!" जरा ओरडूनच. मजूर बघायला लागले. दाजी म्हणाले, "चिडू नकोस. शिकतोय मी. उशीर झाला, पण शिकतोय."

भिंतीचं काम होतं, छताचं नव्हतं. तेवढंच माझं नशीब.

उद्यापासून ते दोन-तीन दिवस कुठल्याशा किरकोळ कामावर जाणार आहेत, मजूर घेऊन. "एकच खोली आहे. उस्तादाला कशाला त्रास?" म्हणाले. कुठे, कसलं, मी काही विचारलं नाही. दोन-तीन दिवस त्यांचं तोंड दिसणार नाही म्हणून सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

२० मार्च, गुरुवार

काउंटरवरच्या बाईंचा फोन. दाजींना निरोप द्या म्हणाल्या, दर रविवारी आईला भरवायला येऊ नका, मला संकोच होतो. म्हणजे दाजी गेल्या रविवारीही गेले होते. घरात कोणाला न सांगता.

मी कशावर बसलोय? दुसऱ्या माणसाच्या चांगुलपणावर बूड टेकून बसलोय! तो माणूस माझ्या चुकीची भरपाई चमच्याने करतोय आणि मी माडीवर झोपतो, ताईच्या हातचं जेवतो. बस. परवा शनिवार, दाजी घरी असतील. सकाळी, चहाच्या आधी. चहा झाला की मी गप्प बसतो, माझं मला माहीत आहे.

२२ मार्च, शनिवार

सांगितलं. सगळं. दोन फूट, चार सूत, पहार, खोटं, मान हलवली ते.

दाजी ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "म्हणजे चार सुताला दोन फूट चालत नाहीत?"

"नाही."

"आणि माझं सोळा बरोबर होतं?"

"हो."

ते उठले आणि चपला शोधायला लागले. एक सापडली, दुसरी सापडेना.  "बालवाडीचं छत केलं मी," म्हणाले. "तेच एका खोलीचं काम. बुधवार-गुरुवारात. चार सूत. दोन-दोन फुटांवर. म्हटलं, तुझी पद्धत शिकावी."

टेम्पोत बसून लिहितोय. दाजी बालवाडीची किल्ली आणायला गेलेत. बालवाडीला आज सुट्टी आहे. काल नव्हती. काल त्या खोलीत सव्वीस मुलं बसली होती.