बर्फ घालू नका

३ नोव्हेंबर २००६, यवतमाळ
दिसलं! प्रथिन शोधायच्या चाचणीत फिल्मवर काळी पट्टी उमटली अन् मी ओरडलेच. नीळकंठ सर म्हणाले, "आभा, लॅब आहे ही, जत्रा नाही." असू दे! अल्झायमरमध्ये मेंदूत ज्याच्या तुकड्यांचा गाळ साचतो, ते मूळ प्रथिन सापडलं कुठं — रक्तातल्या प्लेटलेटमध्ये! अन् ते सगळ्यांच्याच रक्तात असतं. माझ्याही. बाई गं!

७ नोव्हेंबर
दिग्रसहून बाबांचा फोन. "तुही आई मले काही सांगत नाही, अन् वरून म्हणते सांगितलं होतं. लय विसरून राह्यली ती." सर सारखे बजावतात, आपल्या कामातून कुणाला रोग आहे की नाही हे ठरत नाही. कळतं मला. पण आई आहे ती! तिचं रक्त मागवलं.

९ नोव्हेंबर
आर्णीजवळ कापसाच्या भावासाठी रस्ता रोको, तरी बाबा एसटीनं आईच्या रक्ताची नळी घेऊन पोचले. खांद्याला जुना लसीचा डबा — अन् आत बर्फ! प्लेटलेट गारठल्या की बिघडतात, फोनवर बाबांना सांगितलं होतं. चिडलेच मी. मग वाटलं, आरोग्य खात्यात जन्मभर लसी बर्फातच नेल्या त्यांनी, हाताला सवय. "बरं बाई, पुढच्या खेपेले बर्फ नाही," म्हणाले. नळी फेकली.

१२ नोव्हेंबर
माझ्याच रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून बसले. प्लेटलेट म्हणजे रव्याहून बारीक ठिपके. त्यांना ना मेंदू, ना आठवण, तरी तेच प्रथिन घेऊन अंगभर हिंडतात. जेवायचं राहिलं. काय काय भरून ठेवलंय माणसात! हात जोडावेसे वाटले. जोडलेही — कुणी बघत नव्हतं.

१६ नोव्हेंबर
आईला फोनवर आडून आडून विचारलं. दिवाळीत कोण कोण आलं, कुणाला काय वाढलं, मी कशावरून रुसले — सगळं घडाघडा सांगितलं. वर म्हणते, "मले काय धाड भरली?" मग बाबा असं काहून म्हणतात?

१७ नोव्हेंबर
बाबा दुसरी नळी घेऊन आले. डबा उघडला. बर्फ!
"बाबा, गेल्या हप्त्यात इथंच सांगितलं ना, बर्फ नको म्हणून?"
"गेल्या हप्त्यात मी कुठं आलतो?" हसत म्हणाले. "अन् तू तरी कुठं काही सांगतेस मले?"