दुल्हाभाईंची पुडी आणि डावा डोळा

३ नोव्हें., नांदेड
डोळ्यातलं तिसरं इंजेक्शन होऊन महिना झाला. डावा तसाच. खडूची सरळ रेघ मधेच वाकडी दिसते. शेरवानीच्या कापडाला कात्री लावायला भीती वाटते. लातूरचे डॉक्टर म्हणाले होते, वयाचा आजार, पडद्याखाली पाणी. एकावन्नाव्या वर्षी कसलं वय! आता इथल्या पडद्याच्या डॉक्टरीणबाईंना दाखवणार.

६ नोव्हें.
बाईंनी जुने फोटो, नवे फोटो शेजारी लावले. शिरेतून हिरवा रंग सोडून आणखी काढले. म्हणाल्या, पाणी दोन्ही आजारांत साचतं, वरवर फोटो सख्ख्या भावांसारखे. पण वयाच्या आजारात पडद्यामागचा थर बहुधा पातळ होतो. माझा जाड, आणि नव्या रक्तवाहिन्या कुठंच नाहीत. म्हणजे हा दुसराच, स्टिरॉइडनंही होणारा.
मग तोच प्रश्न, स्टिरॉइड घेता का? लातूरला सांगितलं तेच सांगितलं, कसलंच औषध नाही. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. चेहरा पूर्वीपासून असाच गोल का?
बायको मधेच बोलली, "गुडघ्याची पुडी घेऊन राहिले की दोन वर्सं झाली."
पुडी काय औषध आहे का? घरची आहे. आपाच्या, थोरल्या बहिणीच्या, नवऱ्याची. मुरुडात दुल्हाभाईंचं जडीबुटीचं दुकान.

१० नोव्हें.
रक्ताचा रिपोर्ट आला. शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड जवळजवळ बंद. बाहेरून मिळत असणार. पुडी एकदम सोडायचीही नाही, जिवाला धोका. मोठ्या डॉक्टरांकडून मोजकी गोळी, मग हळूहळू कमी.
बाईंचं चुकत असेल. चुकतच असेल.

१२ नोव्हें., मुरुड
नाही चुकलं.
दुल्हाभाई पुड्या बांधत होते. विचारलं तर आधी हसले. मग म्हणाले, "नुसत्या जडीबुटीनं आराम पडत न्हाई. थोडी गोळी कुटून टाकावीच लागते. सगळेच टाकतेत."
म्हटलं, मला तरी सांगायचं.
"सांगितलं असतं तर घेतली असतीस का?"
आपा दारात उभी. मान खाली. तिला माहीत होतं. दर महिन्याला माझा पुड्यांचा डबा तीच भरून पाठवायची, ईदला वर शीरखुर्मा. केसानं गळा कापला माझ्या बहिणीनं. दुल्हाभाईंचा नुसता राग आला. तिच्यामुळं बसमध्ये रडलो, लोक बघत होते.

१९ नोव्हें., नांदेड
गोळी सुरू. बाई म्हणतात, पाणी ओसरेल बहुधा, मधला डाग किती राहील सांगता येत नाही. कटिंग सगळं शेजारच्या टेलर मास्तरांकडे दिलं. मी काजं करतो, तीही हातानं चाचपून.
बाईंनी पुडीवाल्याचं नाव मागितलं. गावात आणखी किती जण घेत असतील, सरकारला कळवावं लागेल म्हणाल्या. म्हटलं, उद्या सांगतो.
संध्याकाळी आपाचा फोन. सलाम झाला. मग,
"डॉक्टरिणीला यांचं नाव तर न्हाई ना सांगितलंस?"
म्हटलं, अजून नाही. सुटल्यासारखा श्वास टाकला तिनं आणि फोन ठेवला.
उद्या काय सांगायचं, ठरत नाही. डोळ्याचं तिनं विचारलंच नाही.