कडेची तपकिरी पट्टी

इंदिरानगर, नाशिक
५ जुलै १९९८

ती. सौ. ललिताताईस,
शि. सा. न. वि. वि.

दादांच्या तेराव्याला तू जेवणाच्या डब्यांखाली आईचे रीळ घालून घोटीला नेलेस. सगळ्यांनी पाहिले. दादांच्या स्टुडिओतला बोलका प्रोजेक्टर माझ्याकडे आहे. त्याशिवाय ते रीळ काय उन्हात धरून बघणार आहेस? आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, आणि नंतर दादांनी ते पुन्हा लावले नाही. मला तिचा आवाज आठवत नाही. रीळ पाठव.

उरलासुरला लोभ ठेव.
कुंदन

घोटी
१२ जुलै

चि. कुंदन यास अ. उ. आ.

दादा दवाखान्यात होते तेव्हाच प्रोजेक्टर तुझ्या घरी पोचला होता. आधी तो इकडे आण, मग आईचं बोल. रीळ यांच्या मंडपाच्या गोदामात आहे, लोखंडी कपाटात, कर्ण्यांच्या युनिटांच्या मधोमध, कुलपात. तुझा हात तिथे पोचायचा नाही.

शुभांगीला आशीर्वाद. तुझी बायको झाली, एवढाच तिचा दोष.
ललिताताई

१७ जुलै

ताई,

नमस्कार मागाहून. कर्ण्याच्या युनिटात लोहचुंबक असते. फिल्मच्या कडेच्या तपकिरी पट्टीवर आईचा आवाज आहे, कॅसेटच्या टेपसारखा. चुंबकाने तो पुसला जातो. रीळ देऊ नकोस, पण आज कपाटातून काढ.

कुंदन

२४ जुलै

चि. कुंदन यास अ. उ. आ.

युक्ती चांगली आहे. लहानपणी माझ्या लाडवावर माशी बसली म्हणायचास आणि तूच तो खायचास. कपाट मी उघडलेलं नाही. मंगळवारी हे बांबू आणायला नाशिकला येतील, तेव्हाच काढून त्यांच्याकडे देईन. त्यांच्यासमोर लाव. आई बोलली की खोटं बोललो म्हणून कबूल कर आणि रीळ परत दे.

ललिताताई

२९ जुलै

ताई,

काल लावले. चित्र स्वच्छ आहे. आई झेंडूची फुले निवडते आहे, मान वर करून काहीतरी सांगते. ओठ हलतात. आवाज शेवटपर्यंत वाढवला, तरी नुसती खरखर. दाजी उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

रीळ आणि प्रोजेक्टर दोन्ही त्यांच्याबरोबर पाठवली आहेत. आता लाव आणि बघत बस.

लोभाचे लिहीत नाही.
कुंदन

६ ऑगस्ट

चि. कुंदन,

प्रोजेक्टर मिळाला. गोणपाटात गुंडाळलास, एक पाय मोडला.

आई होती तेव्हा दादा ते रीळ लावायचे आणि मी तिच्याबरोबर म्हणायची, तिच्याच हेलात. अजून पाठ आहे. सगळं तुझ्याबद्दल आहे. माझं नावसुद्धा त्यात नाही.

पत्रात लिहून मिळणार नाही. ऐकायचं असेल तर घोटीला ये.

आशीर्वाद आल्यावर.
ललिताताई