'भ्रमिष्ट' हा शब्द माझा

प्रिय आक्का,

कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहिण्यात माझा जन्म चालला, पण तुला काय मायना घालावा ते सुचेना. शेवटी 'प्रिय' लिहिलं, तेही आयुष्यात पहिल्यांदाच. काल तुरुंगातून तुझं लुगडं परत मिळालं. तेव्हापासून जिवाला चैन नाही.

पोर गेलं आणि तुझी झोप उडाली. गगनबावड्याच्या त्या पावसात तू घाटरस्त्यानं चालत सुटायचीस. सासरच्यांनी वर्दी दिली, शिपायानं तुला कोल्हापुरात आणलं, आणि ठेवलं कुठं? दरोडेखोरांच्या शेजारी! महाराजांच्या राज्यात तापाला दवाखाना आहे, परगावच्या पोरांना शिकायला वसतिगृह आहे. झोप उडालेल्या बाईला मात्र कोठडी. कारकुनाला विचारलं, "हिचा गुन्हा काय?" तो म्हणाला, "गुन्हा न्हाय ओ. ठेवायला दुसरी जागा न्हाय."

गजाआडून तू मला अर्ज सांगितलास. "दत्तू, मी येडी न्हाय रं. डोळा लागत न्हाय, येवढंच लिही. माझं केस कापलं, पायात बेडी घातली. का घातली, कुणीतर इचारा की म्हणावं."

किती नेमकं सांगितलं होतंस! आणि मी? मी शहाणा. साहेबाला दया यावी म्हणून तुझी वाक्यं गाळली आणि झोकात लिहिलं, 'अर्जदार बाई भ्रमिष्ट असून अनाथ आहे.' भाऊ जिवंत असताना अनाथ! तुला वाचूनही दाखवलं नाही.

आठवड्यात अर्ज परत आला. वर शेरा होता, भ्रमिष्टाचा अर्ज दाखल करून घेता येत नाही. मग मी माझ्या नावानं दुसरा केला. त्याचं उत्तर यायच्या आत तू गेलीस.

हे तुला मी कधी सांगितलं नाही. भेटीला आलो की तू विचारायचीस, "काय म्हणलं सायेब?" आणि मी म्हणायचो, "बघत्यात." लाज वाटत होती गं. तूही कमी हट्टी नव्हतीस. जेवण का टाकलंस? दोन घास खाऊन थोडी थांबली असतीस तर? पण तुला तरी कुठल्या तोंडानं बोलू? तुझं म्हणणं कुणी ऐकलं नाही ते त्या एका शब्दापायी, आणि तो शब्द माझा होता. मला माफ करशील?

काल लुगडं हातात देताना पहाऱ्यावरची बाई म्हणाली, "पावणं, शेजारची म्हातारी अजून तुमच्या भणीला हाका मारतीया. तिचं कोणच न्हाय." चंदगडाकडची आहे म्हणे, अर्धं कानडी बोलते. तिच्याही पायात बेडी आहे.

उद्या सकाळी दौत-कागद घेऊन मी तिच्या गजाशी बसणार आहे. ती सांगेल तसंच लिहीन. कानडी कळलं नाही तर कळेपर्यंत विचारीन. कचेरीत घेतलं नाही तर परवा पुन्हा नेईन. पण त्याआधी, आक्का, सगळा कागद तिला वाचून दाखवीन. ती 'हे खोड' म्हणाली, तर खोडीन.

तुझा भाऊ,
दत्तू