उंद्रीच्या बागेतली बसलेली बाई

प्रिय जीवन,

तू उद्घाटनाले आला नाहीस, ते एका परीनं बरंच झालं. आमच्या घरामागच्या गायरानावर ग्रामपंचायतीनं शिल्पबाग केली, मंडप टाकला, भाषणं झाली, आणि नागपूरहून तू पाठवलेल्या दगडाच्या बाईवरचा कपडा निघाला. पाय पसरून, पदर मागं सरकलेला, दम खात बसलेली बाई. मी सासूबाईच्या मागं उभी होती. तोंड माझंच होतं, बोरीवरून पडली तेव्हाची हनुवटीवरची खोकसुद्धा.

उंद्रीत बाई अशी रिकामी बसलेली कोणी पाह्यलीच नाही, म्हणून एकीले वाटलं, ही देवीच असणार. तिनं हळदकुंकू लावलं, दुसरीनं नारळ फोडला. मग लाल साडी आली, भोवती लोखंडी जाळी बसली. अन् कोणाचं तरी लक्ष मूर्तीवरून माझ्याकडं गेलं. सोजराबाईनं, म्हणजे माझ्या सासूबाईनं, गावभर केलं की मूर्तिकार कोण कुठला, आमच्या सुनेले त्यानं कधी पाह्यलं नाही, तरी दगडात तोंड तिचंच उतरलं.

हसशील तू. मलेही आधी हसूच आलं होतं. आता शेजारणी पाया पडतात, मंगळवारी मले ओट्यावर बसवतात. गोविंदा, माझा नवरा, माणूस वाईट नाही, पण तोही आता मले अहो-जाहो करून राह्यला. चिखलीच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती, तीही अडली. देवीनं लोकाइच्या जखमा धुवाव्या काय, असं सासूबाईचं म्हणणं.

खरं सांगून मोकळं व्हावं, तर काय सांगू? की मूर्तिकार मले चांगला ओळखतो, माहेरी मूग तोडून थकली की मी लिंबाखाली अशीच बसायची, अन् तू समोर बसून ओल्या मातीत माझं तोंड काढायचा? देवीची बदफैली व्हायले मग सांज लागणार नाही. इकडं आड, तिकडं विहीर. तुझा लय राग आला होता, जीवन. काऊन दिलं तू तिले माझं तोंड?

पण खरं सांगू? आरतीले नेतात तेव्हा जाळीतून मी तिच्याकडं पाहतच राहते. दम खाताना मले असं आजवर दुसऱ्या कोणी पाह्यलं नाही. म्हणून पुढचं लिहायले हात होत नाही.

दवाखान्याच्या मॅडमनं महिनाअखेरपर्यंत जागा ठेवली आहे. तू ये. दगडाले चीर गेली, पाहावं लागते म्हण. मूर्ती तुझी आहे, जाळी उघडून देतील. छिन्नी लाव अन् नाक उडव. हात चुकला म्हण. खंडित मूर्ती कोणी पुजत नाही, हे तुलेही माहीत आहे. देवी निघून गेली म्हणतील, अन् मी उरीन. मले भेटू नको, ओळखही दाखवू नको. मी मागच्या दारात उभी राहीन. घाव ऐकू आला की चिखलीले जायची पिशवी उचलीन.

कधीकाळची तुझीच,
करिष्मा