शारजावाल्या भाभीची व्हॉइस नोट

अल मजाज, शारजा

प्रिय अर्चना,

हे पाकीट मिळालं की नागेशभाऊंना आधी चहा पाज, ते गेले की दार लावून वाच. नागेशभाऊ आमच्या टॉवरमधल्या एसीचं काम बघतात, मूळचे गुहागरचे, पुतणीच्या लग्नाला निघालेत. चिपळूणवरूनच जाणार तर माझं एवढं द्या म्हटलं. खजूरही पाठवलेत, ते वेगळ्या डब्यात आहेत. तू म्हणशील, बाई गं, दर दोन दिवसांनी फोनवरच्या बोटिमवर बोलतो आपण, मग हे पत्राचं खूळ कुठून काढलंस? अगं, माझा फोन माझा राहिलाय कुठे! तो सदा सबाच्या हातात. मेसेज आला की माझ्याआधी ती वाचते, आणि तुझा फोन आला की अर्चना मावशी, अर्चना मावशी करत स्पीकरवर टाकते. हिंदी पुस्तकातलं छापील ती वाचते, पण माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, ते तिच्या अब्बांनाही कधी लागलं नाही. म्हणून कागद घेऊन बसलेय.

तय्यबची तब्येत तू विचारतेस आणि मी सुधारतेय म्हणते. सबा शेजारी असते म्हणून म्हणते. खरं सांगू? तुमच्या गणपतीच्या आठवड्यात झटका आला तेव्हा जी उजवी बाजू गेली, ती अजून तशीच आहे. बोलणं पण गेलं ते गेलंच. एकच शब्द उरलाय, यल्ला. पाणी हवं, यल्ला. दुखतंय, यल्ला. मला बघून आनंद झाला तरी यल्ला. गोदामावर दिवसभर माणसांच्या मागे लागून हेच ओरडायचा ना, चला, उरका म्हणून, तेच जिभेवर राहिलं. डॉक्टर म्हणतात, विमानात बसवायचं नाव इतक्यात काढू नका. कंपनीने बरेच महिने धीर धरला, शेवटी व्हिसा रद्द केला. पेशंट म्हणून त्याची सोय हॉस्पिटलने लावून दिलीय, माझा व्हिसा माझ्या क्लिनिकचा आहे. पण सबाचा व्हिसा बापाच्या व्हिसाला जोडलेला, त्याचा गेला तसा तिचाही गेला. माझ्या रिसेप्शनिस्टच्या नोकरीवर तिला ठेवून घेता येत नाही. व्हिसाचे अर्ज भरून देणारी तीन टायपिंग सेंटर पालथी घातली, सगळीकडे एकच उत्तर, सिस्टर, नहीं होगा. शाळेचं वर्ष संपेपर्यंत मुदत मिळालीय, मग खलास. तिला परत पाठवावंच लागेल. मी सोबत निघाले तर नोकरी जाते, नोकरीबरोबर माझा व्हिसा जातो, आणि तय्यबच्या उशाशी कोण? सबाला यातलं काहीही माहीत नाही.

आता तुला वाटेल, एवढं डोक्यावर असताना ही बया टीव्ही सिरियलचं काय घेऊन बसली. पण ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही, ऐक. आम्ही आमचं घर सोडून प्रज्ञाच्या फ्लॅटमधली एक खोली घेतली हे तुला ठाऊक आहे. प्रज्ञा नाशिकची, मनाने मोठी, बोलायला लागली की थांबत नाही. तिचा नवरा परेश रोज दुबईच्या ट्रॅफिकमध्ये अर्धं आयुष्य घालवतो आणि घरी आला की आमच्या आरडाओरड्याला कंटाळून खाली लगूनच्या पाण्याकडेने चकरा मारतो. शुक्रवारी दुपारी प्रज्ञाच्या हॉलमध्ये आम्हा मराठी बायकांचा अड्डा जमतो. साबुदाण्याचे वडे, माझी सांदणं, आणि ‘उस पार का घर’. हिंदीत डब केलेली परदेशी मालिका आहे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचं एक कुटुंब ओसाड माळावर जमीन घेऊन घर बांधतं, शेजारी कुणी नाही, बाजार चार दिवसांच्या वाटेवर. मार्था आई, एबन बाप, हॅना थोरली, पाठीवर दोन धाकटे. आम्हाला ती माणसं जाम जवळची वाटायला लागली. मार्थाभाभी म्हणतो आम्ही तिला. तिच्या चुलीवरून, तिच्या कोंबड्यांवरून आठवडाभर चर्चा. संजना तर पार दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्सहून दोन मेट्रो आणि एक बस करून येते, म्हणते, घरी एकटीने बघितलं तर रडायला मजा येत नाही.

मागच्या महिन्यात तो एपिसोड लागला. एबनच्या कंबरेवर झाड पडून तो अंथरुणाला खिळलेला. थंडी तोंडावर, कणगीत धान्य नाही. एक म्हातारं जोडपं गाडी घेऊन पूर्वेकडे चाललेलं असतं, मार्था हॅनाला त्यांच्याबरोबर पाठवायचं ठरवते. तिची वेणी घालते, पाव फडक्यात बांधून देते, गाडीत बसवते. आणि गाडी हलली की दारात उभीसुद्धा राहत नाही गं! आत जाते आणि कणीक मळायला घेते. हॅना मागे बघत राहते, दार रिकामं. तिथेच संपवला. प्रज्ञाचा पदर ओला. मुलं कार्पेटवर बसलेली, सबा माझ्या गुडघ्याला टेकून.

मग जी जुंपली म्हणतेस! प्रज्ञा म्हणाली, दगड आहे बाई, दगड. संजना म्हणाली, काय चुकलं तिचं, उपाशी मारायची होती का पोरीला? दारात उभी राहिली असती तर गाडीतून ओढून काढली असती, म्हणून आत गेली. कुणी म्हणे नवऱ्याला विचारायला हवं होतं, कुणी म्हणे तो पडलेला माणूस काय सांगणार. संजनाचा वेद इंग्लिशमध्ये म्हणाला, आँटी, शी हॅड नो चॉईस. त्या पोराचं ते वाक्य ऐकलं आणि अर्चे, माझं टाळकं सटकलं. त्याच सकाळी मला टायपिंग सेंटरवाल्याने शेवटचं नाही म्हटलेलं होतं. ते कुणाला सांगितलं नव्हतं, प्रज्ञालाही नाही. छातीवर धोंडा घेऊन बसले होते आणि समोर ती बाई कणीक मळतेय. माझं तोंड फाटकं, तुला माहीत आहे. सगळ्यांवर तुटून पडले. संजना संध्याकाळी घरी पोचली आणि तिने आमच्या ग्रुपवर मतदान लावलं, मार्थाभाभीने केलं ते बरोबर की चूक. मी चूकवर बोट दाबलं ते दाबलं, वर एक व्हॉइस नोट ठोकून दिली.

काय बोलले ते लिहिते, म्हणजे तुला कळेल. म्हटलं, मी उपाशी राहीन, माझ्या पोरीला अर्धपोटी ठेवीन, पण नजरेआड करणार नाही. पोरगी काय पार्सल आहे, कुणी जाणारं भेटलं की त्याच्या हाती द्यायला? जिला आपलं लेकरू दुसऱ्याच्या गाडीत बसवता येतं तिने स्वतःला आई म्हणवून घेऊ नये. आणि शेवटी ओरडलेच, इकडची दुनिया तिकडे झाली तरी माझी सबा माझ्याजवळच राहील, कोण घेऊन जातो बघते!

झालं. ती नोट कुणीतरी पुढे ढकलली. डिस्कव्हरी गार्डन्सच्या बायकांकडे गेली, तिथून अबू धाबीच्या मंडळात, तिथून कुठे कुठे. माझं नाव पडलं शारजावाली भाभी. सुपरमार्केटमध्ये एका अनोळखी बाईने माझा आवाज ओळखला, भाजी निवडायची सोडून मला मिठी मारली, म्हणाली, ताई, काय बोललात, माझ्या नवऱ्याला तीनदा ऐकवलं. क्लिनिकमध्ये दात काढायला आलेली एक कोल्हापूरची पेशंट तोंडात कापूस धरून मला अंगठा दाखवून गेली. मी सगळ्यांना हसून थँक यू म्हणतेय. आतून काय होतंय ते मलाच माहीत. माझ्याकडची नोट मी डिलीट केली, पण लोकांच्या फोनमधली कशी पुसणार?

आणि सबाने ती जपून ठेवलीय. माझ्या जुन्या फोनमध्ये. तो गाणी ऐकायला दिलाय तिला. स्कूल बसमध्ये ती माझी नोट ऐकते, अर्चना. मैत्रिणींना ऐकवते, मेरी मम्मा देखो म्हणते. परवा शाळेत कुणीतरी तिला विचारलं, तुझे डॅड बरे झाले नाहीत तर तुम्ही इंडियाला जाणार का. घरी येऊन मला सांगितलं, मम्मा, आय टोल्ड हर, माय मॉम विल नेव्हर सेंड मी एनीव्हेअर. एवढं सहज सांगून ती शूज काढायला बसली. मी भांडी घासत होते, तशीच घासत राहिले.

एका संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये मी तो एपिसोड तय्यबला फोनवर दाखवला. म्हटलं, याच्याशी बोलायचं आहे, पण बोलायचं कसं, निदान दाखवू तरी. पडलेला एबन बघून त्याचा डावा हात माझ्या मनगटावर आला. हॅना गाडीत बसली तसे त्याच्या डोळ्यांतून धारा. मी विचारलं, सबाला पाठवू का रे? तो म्हणाला, यल्ला. मी म्हटलं, नको पाठवू का? म्हणाला, यल्ला. आम्ही दोघं रडलो आणि मग नर्स आली, तिने त्याला कुशीवर वळवलं. लग्नाला चौदा वर्षं झाली, घरातली एक बादलीसुद्धा मी त्याला विचारल्याशिवाय आणली नाही, आणि हे एवढं मोठं मी एकटीने ठरवायचं! मला नाही जमत गं. रात्रंदिवस वाटतं, कुणीतरी येऊन सांगावं असं कर, आणि मी करावं.

पाठवायची तरी कुठे? अम्मी गेल्यापासून माहेराला कुलूप, भाऊ केपटाऊनला. श्रीवर्धनला सासूबाईंना आता दिसत नाही, त्या स्वतःच जावेच्या जिवावर दिवस काढतायत, आणि जावेला स्वतःची चार. तिने फोनवर मोठ्या मनाने ये म्हटलं, पण मागे तिच्या सुस्काऱ्याचा आवाज मला ऐकू आला. तिला दोष देत नाही मी. प्रज्ञाला सांगितलं शेवटी, ती माझ्यापेक्षा जास्त रडली, मग मीच तिला पाणी दिलं. आणि आता कान देऊन वाच. तुझा तन्मय पुण्याला गेल्यापासून त्याची खोली रिकामी आहे, असं तूच म्हणतेस. तुझी शाळा घराच्या समोर, तिथे इंग्लिश मीडियम आहे. सबाला तू हवी असतेस, तुझ्या हातचं कुळथाचं पिठलं तिने सुट्टीत कसं चाटूनपुसून खाल्लं होतं. घरच्या मोठ्या म्हणून माईंना विचार, भाऊजींना विचार, घाईने हो म्हणू नकोस. नमाजाची चादर खोलीच्या एका कोपऱ्यात मावेल. मटण ती आमच्या हलालवाल्याचं नसेल तर खाणार नाही, मटणाचा हट्टही धरणार नाही. मासे खाईल, मासे काय, तुमच्याकडे आणि आमच्याकडे सारखेच. माईंना यातलं काही चालणार नसेल तर मला राग नाही, खरंच नाही.

पण तुझा हो असेल तर नुसती पोरगी ठेवून घेऊन भागणार नाही, अर्चे. त्याहून अवघड काम सांगतेय, त्यासाठी हे पत्र. मी तिला पाठवतेय हे तिला कळता कामा नये. तू तिला मागून घे. एखाद्या शुक्रवारी दुपारी बोटिमवर फोन कर, ती स्पीकरवर टाकेलच. म्हण, तन्मय गेल्यापासून घर खायला उठतंय, माईंना सोबत नाही, मला तुझी सबा एका वर्षासाठी दे. मी नाही म्हणेन. तू पुन्हा माग. मी चिडेन, आवाज चढवेन, तुला वाटेल ते बोलेन, माझी पोर तुझ्या घरची भरती करायला आहे का, असंही विचारीन. मनावर घेऊ नकोस आणि हरू नकोस. आपल्या शाळेच्या दिवसांची आण घाल, रड, अबोला धरीन म्हण. मी शेवटी तुझ्यापुढे हात टेकले, एवढंच सबाला दिसू दे. आईने दिली नाही, मावशीने हट्टाने नेली. नाही असेल तर फोनच करू नकोस, मी समजेन. हो असेल तर मात्र एक ध्यानात ठेव. मी नाटक करायचं ठरवून बसेन, पण माझा भरवसा नाही. भांडता भांडता माझा आवाज खराच फुटला, आणि मी मनापासून, सगळा जीव एकवटून नाही म्हणाले, तर तेव्हा माझं अजिबात ऐकू नकोस.

तुझीच,
अजरा